घासलेली भिंत

"मग दोष माझ्या हाताचाच, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

पद्माकरनं हे विचारलं तेव्हा त्याच्या खांद्यावर पिशवी होती आणि पायात बूट. मठीच्या अंगणात तो बूट घालून उभा राहिल्याची ही पहिलीच वेळ.

तानूआई शेळीसाठी आणलेला पाला निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"म्या कुठं तसं म्हनलं? तूच म्हनतोस."

"मग तुम्ही काहीतरी म्हणा."

"गाडी कवाची हाय?"

"अकराची. फाट्यावरून."

"मग येळ हाय. बस."

तो बसला नाही. पिशवीही उतरवली नाही.

ही मठी घाटमाथ्यावर आहे. तिच्यात देव नाही, घंटा नाही. जांभ्या दगडाची एक पुरुषभर उंच भिंत, तिच्या अंगावरून पाझरणारा झरा, खाली छोटं कुंड आणि बाजूला दोन खोल्या. गवळ्यांच्या वाड्यावर वाढलेल्या तानूआईला अक्षर म्हणून ठाऊक नाही. तिच्या गुरूनं जाताना तिला मंत्र दिला नव्हता, हा झरा राखायला दिला होता. त्याला आता तीसेक वर्षं झाली.

इथे जो राहायला येतो त्याला ती एकच काम देते. ते नीट जमलं, की अनुग्रह देते. जमलं की नाही हे ती कशावरून ठरवते, ते अजून कोणाला कळलेलं नाही, आणि विचारायची टाप कोणाची नाही.

पद्माकर ताटके इथे यायच्या आधी अकरा वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होता. कुठल्याही झाडापुढे उभा केला, की तो त्या झाडाचं लॅटिन नाव आणि कूळ अशा थाटात सांगे, की जणू झाडालाच ते आज कळत होतं. तीन वर्षांपूर्वी तो आला आणि तानूआईनं त्याला भिंत सांभाळायला दिली.

भिंत सांभाळायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्यानं विचारलं नाही. शिकलेल्या माणसाला काम समजून घ्यायची लाज वाटते.

त्या वेळी भिंतीवर एक नेचं होतं. ज्याला कधी फूल येत नाही, ज्याचे कोंब कुरळे असतात आणि ज्याला शहरातले लोक फर्न म्हणून कुंडीत लावतात, त्या जातीतलं. पण हे लांब, काळ्या दांडीचं, भिंतीवरून खाली लोंबणारं. आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायका त्याला वेणी म्हणायच्या. पद्माकरच्या एकाही पुस्तकात ते नव्हतं, आणि या डोंगरावर दुसरीकडे कुठेही त्याला ते सापडलं नव्हतं.

आल्यावर पहिल्याच दिवाळीला, मठी कशी लख्ख दिसावी म्हणून, त्यानं तारेच्या ब्रशनं भिंत घासून काढली आणि वर चुन्याचा हात मारला. वेणी मुळासकट गेली. अगदी वरच्या फटीत एक झुबका तेवढा राहिला.

हातून काय गेलं हे ध्यानात आल्यावर पद्माकर त्या दिवशी ढसाढसा रडला होता. वेणी भिंतीवर परत येईपर्यंत अनुग्रह मागायचा नाही, असं त्यानं तेव्हाच मनाशी ठरवलं.

मग दर अश्विनात तो त्या झुबक्याची पिकलेली पानं कागदावर ठेवी. पानांमागून तपकिरी धूळ पडे. ती तो भिंतीवर पेरी आणि वर्षभर तिची राखण करी. रोज सकाळी काथ्यानं घासून भिंत साफ. तीन वर्षांत एक रोप उगवलं नाही.

आणि या श्रावणात भिंतीची वरची कड सुटली. शेवटचा झुबका दरडीबरोबर खाली गेला.

म्हणून आज पिशवी, आणि म्हणून बूट.

"एक झाड माझ्या हातून जगातून गेलं, आई," तो म्हणाला. "याची माफी मी कोणाकडे मागू?"

"माफीचं मला कळत न्हाई."

...

"जाता जाता मला शिकवून जा की कायतरी," तानूआई म्हणाली. "अकरा वरसं पोरास्नी शिकवलंस. तीन वरसं हितं ऱ्हायलास, मला येक अक्षर शिकवलं न्हाईस."

पद्माकरला जरा बरं वाटलं. मास्तर कितीही दुःखात असला, तरी शिकव म्हटलं की त्याची पाठ सरळ होते.

"काय शिकवू?"

"त्या भितीवर कोन कोन ऱ्हातं, त्ये सांग."

दोघं कुंडापाशी आली. भिंत स्वच्छ होती; चुना कधीचाच घासून गेला होता, ओल्या जांभ्याचा तांबडा रंग तेवढा दिसत होता.

"आता काही नाही. सकाळीच घासली."

"जायच्या दिशीबी?"

"सवय झालीय."

"मग घासायच्या आदी कोन हुतं, त्ये सांग."

पद्माकरनं बोट कुंडातल्या पाण्याकडे नेलं. आवाज आपोआप वर्गातला झाला.

"हे खाली पाण्यात हिरवे धागे आहेत. हात लावला की बुळबुळीत लागतात. हे शैवाल. याला मूळ नाही, खोड नाही. पाण्याबाहेर काढून उन्हात ठेवलं तर तासाभरात संपतं. पण सगळ्या झाडांचा मूळपुरुष असलाच कोणीतरी पाण्यातला."

"मंग?"

"मग त्याच्या वंशातलं कोणीतरी काठावर आलं. पाणी आटलं तरी चिखलात तगून राहिलं. भिंतीला चिकटून पसरतात ना चपटी हिरवी पानं, ती त्या पहिल्या धाडसी लोकांची भावकी. त्यांच्या शेजारी मॉस, मखमलीसारखं. पुढे नेची आली. त्यांच्या अंगात पाणी वर चढवणाऱ्या नळ्या होत्या, म्हणून ती उंच होऊ शकली. आणि सगळ्यात शेवटी बी धरणारी झाडं. तो वरचा उंबर."

"पान्यातनं त्या उंबरापातूर यायला किती दीस लागलं?"

"दिवस?" पद्माकर हसला. "चाळीस-पन्नास कोटी वर्षं लागली, आई."

"आन् सगळी भावकी ह्या येका भितीवर?"

"उंबर सोडला तर सगळी."

"ती खरवडायला तुला किती येळ लागतो?"

...

"अर्धा तास," पद्माकर म्हणाला.

तानूआईनं नुसती मान हलवली. तो लगेच सावरून बोलायला लागला.

"पण ते काढावंच लागतं. शेवाळ माजलं तर कोवळं रोप गुदमरून जाईल. कुठलाही माळी आधी तण काढतो."

"बरं. वेणीची धूळ पेरलीस. त्या धुळीतनं काय येतं?"

"इथेच तर सगळे चुकतात."

आता तो खुलला. पिशवी खांद्यावरून कधी उतरली, हे त्याचं त्यालाच समजलं नाही.

"धुळीतून थेट वेणी येत नाही. नेच्याला दोन जन्म असतात. धुळीचा कण रुजला, की आधी एक भलतंच छोटं झाड होतं. प्रोथॅलस म्हणतात त्याला. ते आपलं आपण जगतं. त्याच्या अंगावर नर असतो आणि मादी असते. त्या दोघांचं मीलन झालं की मग त्यातून वेणी उगवते. वेणी धूळ टाकते, धुळीचं पुन्हा ते छोटं झाड. असं आलटून पालटून चालतं."

"कसं असतं त्ये? काडून दाव."

त्यानं एक काटकी घेतली आणि ओल्या मातीत आकृती काढली. भाकरीच्या ताटाएवढी, बदामाच्या आकाराची, वर मधोमध खाच. खाली मुळांसारखे केस. अकरा वर्षं फळ्यावर काढलेली आकृती, डोळे मिटूनही काढली असती.

"या आकृतीला मला विद्यापीठात दहापैकी दहा गुण होते," तो म्हणाला.

"ह्यातला नवरा कुठला?"

"हे गोल गोल ठिपके, खाली केसांत. आणि नवरी इथे, खाचेजवळ."

"मग ह्यो तिच्याकडं जातो कसा? वाऱ्यानं?"

"पोहत."

"पोहत?"

तानूआईला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून ती बराच वेळ हसत राहिली.

"हसू नका. खरंच पोहत जातो. पाण्याचा एक पातळ थर लागतो त्याला. शैवालाच्या घरची रीत. जमिनीवर राहायला आली तरी ती या मंडळींनी सोडली नाही."

"म्हंजे लगीन पान्यात."

"पाण्यातच. पाणी नसेल तर लग्न नाही."

"मग भित घासून झाल्यावर तू पंच्यानं पुसत का हुतास?"

"डाग पडू नयेत म्हणून. कोरडी स्वच्छ..."

तो थांबला.

"वऱ्हाड पान्यात उतरलं," तानूआई म्हणाली, "आन् तू पंचा घिऊन हुबा."

पद्माकरनं काटकीनं आकृतीची एक रेघ उगीचच पुन्हा गिरवली.

तानूआईनं आकृतीवर बोट ठेवलं.

"ह्ये येवडं मोठं असतं व्हय?"

"छे. समजावं म्हणून मोठं काढलं."

"मंग केवडं?"

"पुस्तकात पाच ते आठ मिलिमीटर दिलंय."

"माझ्या भाषेत सांग."

"हरभऱ्याच्या डाळीएवढं."

"रंग?"

"हिरवा."

"दांडी?"

"नाही."

"पान?"

"म्हटलं तर तेच एक पान. ओल्या दगडाला चिकटून बसतं."

"वेणीसारकं दिसतं का?"

"अजिबात नाही. माहीत नसेल तर कोणी ओळखायचंसुद्धा नाही. दिसायला ते अगदी शेवाळा..."

वाक्य तिथंच राहिलं.

...

झरा भिंतीवरून पाझरत होता. वर उंबरावर एक बुलबुल ओरडून गेला.

पद्माकरनं आपले दोन्ही हात समोर धरले. नखांत सकाळचं हिरवं अजून होतं.

"कदी बगितलंयस त्ये? डोळ्यानं?" तानूआईनं हळू विचारलं.

"काचेवर. लाल रंगात बुडवलेलं."

"दगडावर?"

"नाही."

तो मटकन खाली बसला, चिखलात, बूट-पँटसकट. आपल्या अकरा वर्षांची आणि दहापैकी दहाची त्याला शिसारी आली. दर अश्विनात त्यानं धूळ पेरली होती. ती उगवली होती. दर वर्षी उगवली होती. आणि रोज सकाळी उठून, अंघोळ करून, सेवा म्हणून, त्यानं स्वतःच्या हातानं ती खरवडून काढली होती.

"मीच मारली," तो म्हणाला. "रोज... काथ्यानं घासून. पुसून."

त्याला रडू फुटलं. पहिल्या दिवाळीला रडला होता, त्याहून हे रडणं वाईट होतं.

एखाद्या पुराणातल्या गुरूनं अशा वेळी शिष्याच्या डोक्यावर हात ठेवला असता. तानूआईनं त्याला पोटभर रडू दिलं आणि तेवढ्यात जाऊन शेळीपुढे पाला टाकून आली.

"खरवडल्यालं सारं कुठं टाकत हुतास?"

"काय?"

"भितीवरची घान. कुठं टाकायचास?"

"घमेल्यात भरून तिकडे." त्यानं पाठीमागच्या दगडी गडग्याकडे हात केला. "गडग्यावरून पलीकडे, घळीत. कुंडात पडू नये म्हणून."

"खाली बगितलंस कदी?"

"घाण टाकताना खाली कोण बघतं?"

"परवा माजी शेळी तिकडं गेलती," तानूआई म्हणाली. "म्या हुडकत गेले. ऊठ, चल."

गडग्याला वळसा घालून खाली उतरायचं, तर वाटेत करवंदीची जाळी. पद्माकरचा सदरा दोनदा अडकला. तानूआई पुढे, हातातल्या काठीनं फांद्या बाजूला सारत. कुंड भरून वाहिलं की त्याचं पाणी गडग्याखालून या बाजूला झिरपतं, हे त्याला ठाऊक होतं. इकडे तो आला मात्र कधीच नव्हता.

खाली ऊन पोचत नव्हतं. गडग्याच्या पायाचे दगड काळे, ओले होते, आणि तीन वर्षांची खरवड त्यांच्यावर थरावर थर बसली होती. तानूआईनं शेवटची फांदी काठीनं वर उचलून धरली.

"बघ."

काळ्या दांड्या. लोंबणारी पानं. काही हातभर लांब, काही वीतभर. कुरळे कोंब दगडाच्या फटीफटीतून बाहेर आलेले. गडग्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वेणी होती.

पद्माकर पुढे गेला नाही. पाय ठेवायला जागा कुठे आहे, ते आधी त्यानं पाहिलं. मग तो पोटावर आडवा झाला आणि खिशातलं भिंग काढून दगडाला डोळा भिडवला.

हरभऱ्याच्या डाळीएवढं, बदामाच्या आकाराचं, हिरवं. त्याच्या खाचेतून एक चिमुकली दांडी वर आली होती, टोकाला नखाच्या कोरीएवढं पहिलं पान. शेजारी दुसरं. त्याच्या शेजारी आणखी तीन. अकरा वर्षं शिकवलेली गोष्ट तो आज पहिल्यांदा बघत होता. भिंग धुरकट झालं, पुसलं, पुन्हा धुरकट झालं.

"आई... आहेत."

"हाईत की."

"मोठीही आहेत. म्हणजे पहिल्या वर्षीचीसुद्धा जगली." तो उठून बसला. गालाला चिखल लागला होता आणि चेहरा लहान पोरासारखा झाला होता. "तुम्हाला माहीत होतं आणि तीन वर्षं तुम्ही मला..."

"मला रं कुठलं ठावं?" तानूआई जवळजवळ रागावली. "ठावं असतं तर पैल्याच साली तुजा पंचा चुलीत घातला असता. परवा बगितलं तवा म्याबी येडी झाले. ही हितं आली कशी, ह्येच कळंना. दोन दीस डोकं चालवलं. मंग ध्यानात आलं, हितं तुज्या घमेल्याबिगर दुसरं कोन येतंय?"

"मग आज सरळ सांगायचं ना."

"सांगितल्यालं तू ऐकतोस? तुला इचारावं लागतं. सोताचंच उत्तर सोताला ऐकू आलं की मंग तुला पटतं."

पद्माकर हसला. डोळे अजून गळत होते, तरी हसला.

दूर फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला.

"गाडी आली तुजी."

"जाऊ दे. उद्याही असते."

"आन् उद्या?"

"परवाही असते."

त्यानं एका लहान रोपाकडे हात नेला. हे मुळासकट उचलून भिंतीवर लावलं तर... तानूआई त्याच्या हाताकडे बघत होती. त्यानं आपणच हात मागे घेतला.

"नको. इथेच असू देत," तो म्हणाला. "अश्विनात यांची धूळ नेऊन भिंतीवर पेरतो. मग भिंतीला हात लावणार नाही. हिरवी झाली तरी."

"कुनी आलं आन् म्हनलं, भित लई घान झालीय, तर?"

"तर त्यांना खाली बसवीन आणि भिंग देईन."

"हां."

गडग्याच्या दगडांमधून पाणी थेंब थेंब उतरत होतं आणि प्रत्येक थेंबानं एखादं पान हलत होतं.

"एक विचारू?" पद्माकर म्हणाला. "अनुग्रह मागायला मला तोंड नाही, ते मागत नाही. पण तीन वर्षं पहाटे उठून भिंत घासली. त्यात चूक झाली. पुसली, तीही चूक. राखण केली, तीही चूक. मग या सगळ्यात माझी सेवा कोणती झाली, आई?"

तानूआईच्या पदरात करवंदीचा काटा अडकला होता. तो तिनं सावकाश सोडवला.

"टाकून येत हुतास, ती."